एकेचाळीस रात्रींचं पाणी

थेन ख्रिस्टेन्सन मागच्या दाराने आला.
टोपी हातात, बुटांना चिखल नाही,
म्हणजे शेतावरून नव्हे, ठरवून आलेला.
टेबलावर वही ठेवली.
तीन उन्हाळे, एकेचाळीस रात्री,
तारीख, वेळ,
पाटाची फळी किती बोटं उचलली तेसुद्धा.
"तुमच्या पाळीतलं पाणी," म्हणाला,
"माझ्या लसूणघासाला वळवत होतो."

आधी बिशपपुढे सांगून झालं होतं, आता माझ्यापुढे.
येत्या तीन उन्हाळ्यांच्या त्याच्या पाळ्या माझ्या.
"नेलं तेवढं परत. नाहीतर पश्चात्ताप म्हणजे
नुसती तोंडाची वाफ."
आणि जे परत करता येत नाही, ते?
तो खिडकीतून डोंगराकडे बघत राहिला.
"ते ख्रिस्त भरतो. पण माझी बादली
आधी पालथी व्हायला हवी.
तळाशी थेंब राखून त्याच्याकडे मागू कसा?"

तो गेल्यावर वही चाळली.
अकरा ऑगस्ट नव्हती तीत.

तेव्हापासून दर रविवारी बघते:
पावाचं तबक येतं, मग इवल्या पेल्यांचं.
थेन बायकोकडून घेतो, मुलाकडे देतो,
स्वतः काही उचलत नाही.
बिशपने सांगितलंय, अजून नाही.
आमच्या मॉर्मन चर्चमध्ये त्या पेल्यांत
द्राक्षरस नसतो.
पाणी असतं.

माझी नणंद मार्गिट लुथरन, नील्ससारखीच.
तिचं चर्च चाळीस मैलांवर.
"आणि तू ते पाणी घेतेस?"
घेते. जर्दाळू वाळताहेत.
"मग ही क्षमा कुठली? ही तर उधारी मिटवणं.
क्रुसावर शेजारी चोर होता, त्याने काय परत केलं?
हात खिळलेले होते त्याचे.
नुसतं वळून बघितलं, पुरलं तेवढं."
असं म्हणणारी मार्गिट
हिवाळाभर दर मंगळवारी माझा बर्फ उपसते.
विचारलं तर म्हणते, फेडत नाहीये काही,
आनंद झाला की हात स्वस्थ बसत नाहीत.
एका मंगळवारी थेनही आला.
दोन फावडी, वाट एकच, आणि तीही अरुंद.
दोघं बराच वेळ एकमेकांना
"तुम्ही आधी" म्हणत होते.

अकरा ऑगस्टला नील्स रात्री उठला.
पाट कमी वाहतोय, म्हणाला.
संध्याकाळी आम्ही नव्या फ्रीजरवरून भांडलो होतो.
मी जागी होते. भिंतीकडे तोंड करून म्हटलं,
जायचं तर जा, मला सांगू नकोस.
पहाटे तो फळीपाशी सापडला,
एक हात पाण्यात.
डॉक्टर म्हणाले, हृदय. अंथरुणातही थांबलं असतं.

मार्चमध्ये थेनला विचारलंच.
"त्या रात्री मी नव्हतो," तो म्हणाला,
"त्या रात्री खरंच पाणी कमी होतं."
खोटं बोलायला त्याच्याकडे आता काही उरलेलं नव्हतं.
आणि मला, देवा, केवढा राग आला.
निदान ती एक रात्र तरी त्याची असायला हवी होती.
क्षमा करायला मी बसलेच होते.

थेनच्या देवाला मी काय परत करू?
ते वाक्य कोणाच्या शेतात सोडू?
मार्गिटच्या देवाकडे वळून बघायचं, एवढंच.
पण मान वळत नाही.
त्या रात्रीही वळली नव्हती.

काल रात्री अडीचला थेनची, म्हणजे माझी, पाळी.
एकटीने फळी उचलली.
आधी फेस आणि काडीकचरा आला, मग पाणी.
जर्दाळूंच्या ओळीत ते शिरताना
ते वाक्य मोठ्याने म्हटलं. एकदाच.
पलीकडच्या बांधावर कोणाची तरी बॅटरी होती,
ती विझली.

साडेचारला फळी टाकायची.
मी चार मिनिटं उशिरा टाकली.
घरी येऊन वहीच्या कोऱ्या पानावर
तारीख लिहिली, वेळ लिहिली.
पुढची पाळी सोरेन्सनबाईंची होती.